ग्रामपोलीस व त्यांचे वेतन

ग्रामपोलीस : खेड्यातील शांतता राखणे, चोरी व मारामारी यांची खबर वर पोहोचविणे, रात्री पहारा करणे आणि गावात येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवणे ही कामे करणारा, त्याच गावात राहणारा व शासनाच्या नियमित पोलीस दलात न मोडणारा सेवकवर्ग. महाराष्ट्रात पूर्वी पाटील, महार, रामोशी, जागल्या व बेरड हे या वर्गात येत. सांप्रत पोलीस पाटील हा त्याचा प्रमुख प्रतिनिधी होय. या संस्थेच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. गावच्या राखणदाराला पोसावयाचे कोणी, गावाने की सरकारने? जो वेतन देतो त्याचाच तो चाकर ठरतो. त्यामुळे हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटला, तरी गावातील सत्ता, प्रतिष्ठा आणि दास्य यांच्याशी तो निगडित आहे.

मराठी अमदानीत या प्रश्नाचे उत्तर वतन हे होते. पाटलाला वतनी जमीन, मानपान व गावाकडून मिळणारे हक्क असत. पहारेकऱ्याला इनाम जमिनीचा तुकडा आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळणारे बलुते असे. रोख पगाराचा संबंध क्वचितच येई. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर या नात्याने मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आढळते. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे आणि कुलकर्णी, चौगुला व प्रसंगी सर्व गावकरी त्याला साहाय्य करीत. मात्र त्याचा खरा आधार गावचा पहारेकरी होता. तो रात्री गस्त घाली, गावातील प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असे व परक्या माणसाची बातमी ठेवी. चोरी झाली की चोराचा माग काढणे हे त्याचे काम. पावलांचे ठसे शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन त्या गावच्या पहारेकऱ्याला दाखविले म्हणजे जबाबदारी त्याच्यावर जाई. माग जेथे खुंटेल त्या गावाने चोर हजर करावा किंवा नुकसान भरून द्यावे असा दंडक होता. पहारेकऱ्याची ऐपत नसल्यास उरलेली रक्कम गावावर बसविली जाई. प्रत्यक्षात पूर्ण भरपाई नेहमीच होत असे असे नाही. तथापि या भीतीमुळे पहारेकरी जागा राही, हे खरे. आजच्या परिभाषेत बोलावयाचे, तर हा एक प्रकारचा सामुदायिक विमा होता आणि त्याचा हप्ता गाव धान्याच्या रूपाने भरीत असे.

मागाची ही पद्धत शिवेच्या निश्चितीवर अवलंबून होती. वारणाकाठच्या मुलखात ही शीव केवळ दोन गावांची नव्हती. १३ एप्रिल १७३१ रोजी साताऱ्याचे शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात झालेल्या वारणेच्या तहाने ही नदी दोन मराठी राज्यांची सीमा ठरली. आज कोडोलीनजीक जेथे वारणानगर ही वसाहत आहे, तो दक्षिणतीर कोल्हापूरकडे राहिला. उत्तरतीर साताऱ्याकडे गेला व पुढे ब्रिटिश अंमलाखाली आला. पुढे दोन्ही तीरांवर जेव्हा निरनिराळ्या राजवटींचे कायदे व कचेऱ्या आल्या, तेव्हा नदी ओलांडलेल्या गुन्हेगाराच्या मागे जाणे गावच्या पहारेकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे झाले. या सीमेचा फायदा चोरांनीच घेतला असे नव्हे. पुढे १९४२ नंतर भूमिगत कार्यकर्त्यांनाही त्याचा उपयोग झाला.

वतनाने सेवक मिळतो, पण तो राज्याच्या हाती राहत नाही, याची जाण राज्यकर्त्यांना पूर्वीपासून होती. पन्हाळा ही राजधानी असताना, कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्या कारकीर्दीत, रामचंद्रपंत अमात्य यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. वतनदार हे आपापल्या जागी लहानसे सत्ताधीशच असतात. त्यांना नष्ट करू नये, तसेच मोकळेही सोडू नये, असा त्याचा आशय. इनाम देत गेल्यास राज्याचे उत्पन्न कायमचे घटते, असा इशाराही त्यात आहे. रोख वेतनाचा चाकर बदलता येतो; जमिनीवर बसविलेला चाकर पिढ्यान्पिढ्या राहतो व चाकरी संपली, तरी जमीन सोडीत नाही. दीडशे वर्षांनंतर इंग्रज अधिकाऱ्यांना जो पेच पडला, तो येथे आधीच नोंदलेला दिसतो.

इंग्रजांनी प्रारंभी जुनी व्यवस्था बव्हंशी कायम ठेवली. तथापि जेथे हक्क काढून घेतले तेथे त्यांना जबर किंमत मोजावी लागली. पुरंदर व आसपासच्या किल्ल्यांच्या राखणीचे रामोशांचे परंपरागत हक्क गेल्यानंतर उमाजी नाईक याच्या नेतृत्वाखाली जे बंड झाले ते प्रसिद्धच आहे. त्या बंडाचा येथे लक्षात घेण्याजोगा भाग असा, की सरकारने काही काळ उमाजी व त्याच्या साथीदारांनाच चाकरीत घेऊन मुलखाचा बंदोबस्त त्यांच्यावर सोपविला होता. ज्याच्यापासून भय त्यालाच पगारी राखणदार करावयाचे, ही युक्ती जुनीच होती. ती टिकली नाही. उमाजी पुन्हा बाहेर पडला, पकडला गेला आणि १८३२ मध्ये पुणे येथे त्याला फाशी देण्यात आले.

कोल्हापूर संस्थानातील १८४४ चे गडकऱ्यांचे बंड हेही मुळात चाकरी व तिचा मोबदला यांचेच प्रकरण होते. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड इ. किल्ल्यांवरील गडकरी हे वंशपरंपरेने किल्ला राखीत व त्याबद्दल त्यांना जमिनी असत. संस्थानच्या कारभारात इंग्रजांच्या पाठिंब्याने नेमलेले दाजी कृष्ण पंडित यांनी कारभाराची जी नवी घडी बसविली, तीत या जमिनींवरील देखरेख मामलेदारांकडे गेली. आपल्या उपजीविकेवरच हात पडला, असे गडकऱ्यांना वाटले. सामानगडावर दरवाजे बंद झाले आणि बंड पसरत गेले. त्यांच्या मोडीसाठी आलेल्या फौजेने १८४४ च्या अखेरीस पन्हाळा काबीज केला. त्यानंतर गडकरी ही संस्थाच मोडीत निघाली. हिशेबनिसांच्या दृष्टीने जो केवळ खातेबदल होता, तो गडकऱ्यांच्या दृष्टीने सर्वनाश होता. ही तफावत ज्यांनी ओळखली नाही, त्यांना तोफा आणाव्या लागल्या.

ब्रिटिश मुलखात नियमित जिल्हा पोलीस दलाची उभारणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली. १८६७ मध्ये मुंबई इलाख्यात दोन कायदे लागोपाठ संमत झाले. त्यांतील सातवा जिल्हा पोलिसांचा, तर आठवा ग्रामपोलिसांचा. एकाच वर्षी दोन वेगळे कायदे करण्यामागे एक निश्चित भूमिका होती. ग्रामपोलीस हे पोलीस अधीक्षकाच्या हाताखाली न देता दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली ठेवण्यात आले. पोलीस पाटलाने गुन्ह्याची खबर द्यावी, गुन्हेगार धरावा, संशयास्पद मृत्यूचा पंचनामा करावा, अशी त्याची कर्तव्ये ठरली. किरकोळ शिवीगाळ वा मारहाण करणाऱ्यास चोवीस तासांपर्यंत अटकेत ठेवण्याचा अधिकारही त्याला मिळाला. हळूहळू मुलकी पाटील व पोलीस पाटील ही पदे अनेक गावी वेगळी झाली. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत सेवकांच्या जमिनी, त्यांच्यावरील जुडी आणि चाकरीची पाळी यांचे नियमन केले. पाटलाला मुशाहिरा म्हणून काही रोख रक्कम मिळे, पण ती अल्प असे. त्याचे खरे वेतन म्हणजे वतनी जमीन आणि तिच्याबरोबर येणारा दरारा हेच होय.

अन्य प्रांतांत वेगळे मार्ग अवलंबिले गेले. बंगालमध्ये १८७० च्या ग्राम चौकीदारी कायद्याने गावच्या पंचायतीने घरोघर कर बसवावा व त्यातून चौकीदाराचा पगार द्यावा, अशी तजवीज केली. चौकीदार गावाच्या पैशावर जगणार आणि हुकूम मात्र ठाण्याचा मानणार, असा हा प्रकार होता. तो इतका अप्रिय झाला, की १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत बिहार व बंगालमधील अनेक गावांनी चौकीदारी कर न देण्याचीच मोहीम उघडली. मध्य प्रांतात मुकादम व कोतवार यांच्यावर हे काम सोपविलेले होते. याच काळात इंग्लंडमध्ये उलट दिशेने पावले पडत होती. तेथील परगण्यांचे शिपाई पूर्वी बिनपगारी असत. १८५६ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला पगारी पोलीस दल ठेवणे सक्तीचे झाले व ज्या दलाला सरकारी निरीक्षक कार्यक्षम ठरवील, त्याच्या पगार व गणवेश यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा राष्ट्रीय तिजोरीतून देण्याचे ठरले. १८७४ मध्ये हा हिस्सा निम्म्यावर नेण्यात आला. अनुदानाबरोबर निरीक्षण आले आणि निरीक्षणाबरोबर मध्यवर्ती सत्तेचा हात गावापर्यंत पोहोचला. ब्रिटिश सरकारने मायदेशी हा खर्च उचलला, पण येथे खेड्याच्या राखणदारासाठी तिजोरी उघडण्यास ते तयार नव्हते. १९०२–०३ च्या पोलीस आयोगाने ग्रामपोलीस हाच बंदोबस्ताचा पाया असल्याचे मान्य केले व त्याला ठाण्याचा हरकाम्या करू नये, असे सुचविले. त्यापुढे फारशी प्रगती झाली नाही.

महार वतन : वतनाच्या स्वस्ताईची खरी किंमत कोण मोजीत होते, हे महार वतनाकडे पाहिले म्हणजे कळते. महार हा कायद्याने कनिष्ठ ग्रामसेवक होता. गावाची राखण, शिवेची साक्ष, सरकारी खजिन्याची सोबत, टपाल पोहोचविणे, आलेल्या अधिकाऱ्याची सरबराई ही सर्व कामे त्याच्याकडे असत. चाकरीला वेळेची मर्यादा नव्हती. पाळीचा माणूस नसला, तर घरातील दुसऱ्या माणसाला, प्रसंगी बायकामुलांनाही, काम करावे लागे. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा मिळे. तो पिढ्यांमागून पिढ्या वाटला जाऊन नगण्य झालेला असे व त्यावर जुडीही द्यावी लागे. उरलेला मोबदला बलुत्याचा. तो रयतेच्या मर्जीवर अवलंबून होता आणि ती मर्जी राखण्यासाठी हात पसरावा लागे. सरकारचा चाकर असूनही सरकार त्याला पगार देत नव्हते. गावाचा आश्रित असल्याने सरकारी काम चोख बजावले, तर गावाचा रोष पत्करावा लागे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा गुंता नेमका पकडला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर पैशाच्या करात करून तो जमीनमहसुलाबरोबर सरकारने वसूल करावा, महारांची कामे निश्चित करावी आणि ज्यांना चाकरी नको त्यांना जमीन रयतावा करून घेऊन मोकळे होता यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. ज्याच्याकडून सरकार काम घेते, त्याचे वेतनही सरकारनेच द्यावे, हे त्यामागील तत्त्व होय. विधेयक प्रवर समितीकडे गेले, परंतु त्याचा मूळ आशय टिकत नाही असे दिसल्यावर १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले. १९३७ मध्ये त्यांनी महार वतन रद्द करण्याचेच विधेयक आणले. तेही संमत झाले नाही. खर्चाचा बाऊ हा विरोधाचा एक भाग होता. पण केवळ खर्चच आड आला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फुकट मिळणारा चाकर सोडावयास गावही तयार नव्हते आणि सरकारही.

कोल्हापूर संस्थानात मात्र हे काम आधीच झालेले होते. छत्रपती शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) १९१८ मध्ये महार वतन खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या व महारांना गावकीच्या सक्तीच्या चाकरीतून मुक्त केले. त्याच सुमारास कुलकर्णी वतनही नष्ट करून पगारी तलाठी नेमण्यात आले. महार, मांग, रामोशी व बेरड या जातींतील माणसांवर असलेली हजेरीची सक्तीही १९१८ मध्येच उठविण्यात आली. हजेरीची ही पद्धत आणि पहारेकऱ्याची चाकरी यांतील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. एकाच जातीच्या माणसावर गाव राखण्याची जबाबदारी टाकावयाची व त्यालाच जन्मजात गुन्हेगार समजून रोज चावडीवर उभे करावयाचे, असा तो कारभार होता. महाराजांनी फासेपारध्यांना सोनतळी येथे वसवून पहाऱ्याच्या कामावर घेतले. पाटलांच्या बाबतीत त्यांचे धोरण निराळे होते. पाटीलकी न मोडता पाटील शिकलेला असावा, यासाठी १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ कोल्हापुरात पाटील शाळा काढण्यात आली. म्हणजे वतनाच्या उतरंडीत तळाचा सेवक मुक्त झाला, लेखणीचा सेवक पगारी झाला आणि वरचा सेवक वतनदारच राहिला. या निवडीत त्या काळच्या ब्राह्मणेतर राजकारणाचाही वाटा होता, हे नाकारता येत नाही. असे असले, तरी मुंबई राज्याने जे १९५९ मध्ये केले, ते वारणेच्या दक्षिणतीरावर चाळीस वर्षे आधी घडले.

१९४२ च्या आंदोलनानंतर वारणेच्या उत्तरेकडे, तत्कालीन सातारा जिल्ह्यात, ग्रामपोलिसांची कसोटीच लागली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात चाललेल्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे स्थापिली व तुफान सेना हे स्वयंसेवकांचे दल उभारले. दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे हे या दलाचे एक मुख्य काम होते. सरकारी यंत्रणेतील पाटलाची अवस्था कठीण झाली. खबर दिली, तर गाव वैरी होई आणि न दिली, तर वतन जाई. तुफान सेनेलाही खर्च होताच. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यातील चिमठाणे येथे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी प्रभृतींनी डॉ. उत्तमराव पाटील यांच्या साहाय्याने सरकारी खजिन्याची गाडी अडवून सु. साडेपाच लाख रुपये हस्तगत केले. परकीय सरकारचा पैसा त्याच्याच विरुद्ध उभारलेल्या व्यवस्थेस पुरविण्याचे हे विरळ उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि वारणेच्या दोन्ही तीरांवर एकच कायदा आला. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. महार वतनदारांच्या जागी मानधनावरील कोतवाल आले. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद १ जानेवारी १९६३ पासून रद्द झाले व त्याचे काम तलाठ्याकडे गेले. उरला तो पोलीस पाटील. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने (१९६७) त्याचेही वंशपरंपरागत स्वरूप संपुष्टात आणले. १९६८ मध्ये नेमणूक, वेतन व सेवेच्या अटी यांसंबंधीचा आदेश निघाला. त्यानुसार पोलीस पाटलाची नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतो. उमेदवार त्या गावचा रहिवासी असावा लागतो. नेमणूक ठराविक मुदतीची असून तिचे नूतनीकरण होते. त्याला शेती किंवा गावातील छोटा व्यवसाय करण्याची मुभा आहे; पूर्णवेळ नोकरी करता येत नाही व राजकीय पक्षाच्या कार्यात भाग घेता येत नाही. पुढे या पदांना सामाजिक व महिला आरक्षण लागू झाल्याने, ज्या घराण्यांनी हे पद शतकानुशतके भूषविले, त्यांच्या चावडीवर आता कधी दलित, तर कधी स्त्री पोलीस पाटील दिसू लागली. गावगाड्याच्या दृष्टीने हा बदल कायद्याच्या इतर सर्व कलमांहून मोठा आहे.

वतन गेले, त्याची जागा मानधनाने घेतली. मानधन हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात मान आहे व धनही आहे, पण वेतन, निवृत्तिवेतन व सेवेची शाश्वती यांचे बंधन नाही. नेमणुकीचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे चालतात, म्हणजे पद शासकीय आहे. पगाराच्या वेळी मात्र तो अंशकालीन ग्रामसेवक ठरतो. २०१९ पूर्वी पोलीस पाटलाला दरमहा ३,००० रुपये मिळत. त्या वर्षी ते ६,५०० करण्यात आले आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १५,००० रुपये दरमहा देण्याचा निर्णय घेतला. राज्यात पोलीस पाटलांची ३८,७२५ पदे असून या वाढीपोटी वर्षाला सु. ३९५ कोटी रुपयांचा वाढीव भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. हा पैसा गृहखात्यामार्फत येतो. ग्रामपंचायतीचा त्यात हिस्सा नाही. अशा रीतीने आंबेडकरांनी १९२८ मध्ये मांडलेले तत्त्व, म्हणजे काम सरकारचे तर दामही सरकारचा, पाटलाच्या बाबतीत पूर्णपणे अमलात आले आहे. ज्यांच्यासाठी त्यांनी ते मांडले, त्या कनिष्ठ सेवकांचे वारस असलेले कोतवाल मात्र दीर्घकाळ मानधनवाढीसाठी मोर्चे काढीत राहिले.

पोलीस पाटलाशिवाय गावच्या बंदोबस्तासाठी काही बिनपगारी वा अल्पपगारी संघटनाही उभारण्यात आल्या. मुंबई प्रांतात मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४६ मध्ये गृहरक्षक दल (होमगार्ड) स्थापन झाले व १९४७ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान लाभले. त्यातील जवानांना बंदोबस्ताच्या दिवसापुरता भत्ता मिळतो. महाराष्ट्रात तो २०२४ मध्ये प्रतिदिन ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये करण्यात आला. पोलीस अधिनियमाच्या कलम ६३–ब खाली ग्रामरक्षक दले स्थापिता येतात. त्यांतील सदस्य स्वयंसेवक असतात. चोऱ्यांचा सुळसुळाट झाला, की ही दले काठ्या व शिट्ट्या घेऊन उभी राहतात आणि भीती ओसरली, की विरून जातात. वारणा खोऱ्यातील गावांना ऊसतोडणीच्या हंगामाच्या निमित्ताने याचा अनुभव आहे. हंगामात बाहेरून टोळ्या येतात, घरे कुलुपबंद ठेवून माणसे शेतावर असतात आणि रात्रीची वाहतूक वाढते. अशा वेळी कोणी परका आला, हेच ओळखणे कठीण जाते. एल्फिन्स्टनने वर्णिलेला पहारेकरी प्रत्येकाला ओळखत होता, कारण ओळखण्याजोगी माणसे मोजकी होती.

१५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या कारकीर्दीत सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अनुदानाचा एक निराळा प्रकार रूढ केला. येथे पैसा राखणदाराला न मिळता गावाला मिळे. ग्रामसभेने निवडलेल्या समितीने गावातील तंटे सामोपचाराने मिटवावेत, पोलीस पाटलाने समितीचा निमंत्रक म्हणून काम पाहावे आणि यशस्वी गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात शासनाने रोख पुरस्कार द्यावा, अशी ही योजना होती. तिच्यामुळे अनेक गावांतील बांधावरचे व भाऊबंदकीचे दावे मिटले. मात्र पुरस्कारावर डोळा ठेवून गुन्हा दाखलच होऊ नये, यासाठी दुबळ्या पक्षावर तडजोड लादली जाण्याचा धोकाही तिच्यात होता. शांतता मोजण्याचे माप दाखल गुन्ह्यांची संख्या हेच असले, म्हणजे न नोंदलेला गुन्हा हाही शांततेत जमा होतो. विशेषतः स्त्रिया व दलित यांच्या तक्रारींबाबत हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शासनाने पैसा पुरवून स्थानिक पोलीस नेमण्याचा आधुनिक काळातील सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथे पोलीस हे नगरांच्या व काउंटींच्या अखत्यारीत असतात. १९९४ च्या फौजदारी कायद्याने समाजाभिमुख पोलीस कार्यासाठी एक लाख नवे अधिकारी नेमण्याचे उद्दिष्ट ठेवून सहा वर्षांसाठी ८.८ अब्ज डॉलर मंजूर केले. एका अधिकाऱ्याच्या पगाराचा जास्तीत जास्त ७५ टक्के भाग, तोही तीन वर्षांत ७५,००० डॉलरच्या मर्यादेत, संघराज्य सरकार देई; उरलेला भाग नगराने सोसावयाचा व अनुदान संपल्यावर ते पद स्वखर्चाने चालू ठेवावयाचे. श्रीमंत नगरांना हे जमले. गरीब नगरांपुढे तिसऱ्या वर्षाअखेर पदच रद्द करण्याची वेळ येई. अनुदानाचे निकष पाळण्यासाठी माणसे नेमली गेली, परंतु त्यांनी वस्तीत पायी हिंडून लोकांशी संबंध जोडावेत, ही अपेक्षा सर्वत्र पुरी झाली नाही. महाराष्ट्रातील पद्धत नेमकी याच्या उलट आहे. येथे नेमणूक होते ती मुळातच गावात राहणाऱ्याची. त्यामुळे ओळखीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु प्रशिक्षण, साधने व अधिकार या तिन्ही बाबतींत तो कमी पडतो. १९७७ ते १९८१ या काळात काम केलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही ग्रामपोलिसांच्या या दुबळेपणाची दखल घेतली होती.

वारणानगरच्या परिसरात या साऱ्या अवस्था थोडक्या अंतरावर एकवटलेल्या दिसतात. दक्षिणेस पन्हाळ्यावर गडकऱ्यांचे पहारे होते. कोडोलीत पोलीस ठाणे आहे. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० नंतरच्या दशकात उभारलेला सहकारी साखर कारखाना व त्यासोबतच्या दूधसंघ, बाजार, बँक व शिक्षणसंस्था यांच्यामुळे येथे गावगाड्याबाहेरची एक नवी वसाहत निर्माण झाली. तिची राखण करणारे चौकीदार संस्थेच्या पगारावर असतात. अशा खाजगी रक्षकांच्या नोकरीचे व कल्याणाचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात १९८१ मध्ये झाला. १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासनाच्या अर्थसाहाय्याने वारणा खोऱ्यातील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा ऊसाची नोंद व बाजारभाव यांबरोबर शासकीय माहिती गावातच मिळावी, अशी अपेक्षा होती. आज गावातील बहुतेक खबर ठाण्यावर भ्रमणध्वनीने पोहोचते आणि चौकात बसविलेली छायाचित्रयंत्रे येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवतात. तरीही नदीत प्रेत सापडले, यात्रेत भांडण जुंपले किंवा वारणेला पूर येऊन वस्ती हलवावी लागली, की पहिला निरोप पोलीस पाटलाकडेच जातो. २०१९ व २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या गावांतून कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे व कोणत्या गोठ्यात जनावरे बांधलेली आहेत, हे ठाऊक असणे सर्वांत मोलाचे होते. हे काम त्याच्या मानधनाच्या हिशेबात कोठेही स्वतंत्रपणे नोंदलेले नाही. १९६७ च्या अधिनियमातील कर्तव्यांच्या यादीत ते दंडाधिकारी सांगेल ते काम या सदरात मोडते.